अडतीस नंबरची एक फेरी

१२ मार्च, गुरुवार

जेवून जरा डोळा लागत होता तेवढ्यात फोन. अनोळखी नंबर एरवी उचलत नाही. बाई म्हणाली, ‘अडतीस नंबरच्या गाडीच्या फेऱ्या लिहायच्या, त्या नलिनी तुम्हीच का?’

हो म्हणायच्या आधी विचारलं, माझा पत्ता कुठून लागला. श्री गेला तेव्हा पेपरात दिलेल्या मजकुरात आमच्या गावाचं, वेस्ट विंडसरचं, नाव होतं, त्यावरून शोधलं म्हणे. दोन वर्षांपूर्वीचा मजकूर. इतकं खोदत जायचं कारण काय?

नाव कॅरोल. वॉल्टरची मुलगी. म्हणजे अकरा नंबरची गाडी चालवणारा, पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या मोटारशर्यतीत आमच्याकडून हरलेला. आता अठ्ठ्याऐंशीचा आहे, पेनसिल्व्हेनियात नर्सिंग होममध्ये. शर्यतीचा तो ट्रॅक आता पाडला. ऑफिसातले जुने कागद कुणीतरी हिला आणून दिले, त्यात मी फेऱ्या लिहिलेलं कार्ड निघालं. भेटायचंय. ‘एकच प्रश्न आहे.’

एकच असेल तर फोनवर का नाही विचारला.

बुधवारी ये म्हटलं. का म्हटलं कळत नाही.

१३ मार्च

निखिलला सांगितलं. एकदम वकिलासारखा बोलायला लागला. ‘आई, घरी कशाला बोलावलंस? आणि काही साइन करू नकोस. नथिंग.’ मग, ‘बाबांचा कप माझ्याकडे आहे ते तिला सांगू नकोस.’

शर्यत जिंकल्यावर रेनं, म्हणजे अडतीस नंबरच्या मालकानं आणि ड्रायव्हरनं, स्वतःचा कप श्रीला देऊन टाकला होता. तो नि.च्या ऑफिसात असतो. आल्यागेल्याला दाखवतो, माय डॅड बिल्ट दॅट इंजिन. ते खरंच आहे. इंजिन श्रीचंच.

रे गेला. श्री गेला. आता मीच उरले विचारायला. हे त्या बाईनं हेरलं असणार.

१५ मार्च, रविवार

बाहेर चिखल आणि उरलेला बर्फ. फिरायला गेले नाही. आठवेल ते लिहून काढते. बुधवारी तिनं माझ्या तोंडी काही घातलं तर आपलं आपल्याला माहीत हवं.

पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी दोन खोल्यांचं अपार्टमेंट. श्रीची पीएच.डी. चालू, मेकॅनिकल. शनिवार-रविवार रेच्या गॅरेजमध्ये. साध्या दिसणाऱ्या, दुकानात मिळतात तशा मोटारी, पण आतून सगळं बदललेलं. मातीचा अर्ध्या मैलाचा गोल ट्रॅक, दोनशे फेऱ्या. तेव्हा मशिनं नव्हती. प्रत्येक गाडीनं आपला फेऱ्या लिहिणारा आणायचा. बहुतेक ड्रायव्हरांच्या बायका. गाडी समोरून गेली की मोठ्या घड्याळात बघायचं, कार्डावरच्या पुढच्या घरात वेळ टाकायची, मिनिटं आणि सेकंद. एवढंच. पण मान वर करायची सोय नाही. रेची बायको सोडून गेलेली, आणि मी नागपूरची बी.एस्सी. गणित, घरात बसून कंटाळलेली. श्री म्हणाला, ‘तुला आकडे आवडतात ना, चल.’

पहिल्या दिवशी साडी नेसून गेले. धुळीनं काठापर्यंत लाल. नंतर पँट घेतली. माझ्या शेजारी वॉल्टरची बायको, जोअॅन. धूळ जावी म्हणून ओला रुमाल आणायची, अर्धा मला. कधी बोलणं नाही, दोघींच्या माना खाली.

त्या शर्यतीच्या दिवशी मला तिसरा महिना होता (नि.). कुणाला सांगितलं नव्हतं. निम्म्यावर शर्यत आली आणि पोटात ढवळायला लागलं. श्री पाणी घेऊन वर आला होता. त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि स्टँडच्या मागे गेले. परत आले तर दोन घरं भरलेली. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, ‘दोनदा गेली.’

रे जिंकला. अर्ध्या फेरीनं. वॉल्टरनं तक्रार केली, अडतीसला एक फेरी जास्त दिली म्हणून. ट्रॅकच्या माणसांनी माझं कार्ड घेतलं, भरलेली घरं मोजली. मग एका जाड्या गृहस्थानं विचारलं, ‘मिसेस, ही सगळी नोंद तुमच्या हातची?’

श्री तिथंच उभा होता. जमिनीकडे बघत.

मी हो म्हटलं.

१८ मार्च, बुधवार

कॅरोल येऊन गेली. पंचावन्नची असेल, शाळेत लायब्ररियन होती. बूट दारात काढले, न सांगता. हे कुठून शिकून आली? चहा घेतला. बॅग मांडीवरच धरून बसली होती. आत फोन रेकॉर्डिंगला लावलाय की काय, असं सारखं वाटत होतं.

कार्डाची कॉपी पुढे ठेवली. माझेच आकडे. किती ताठ लिहायची मी.

एका घरावर बोट ठेवलं. ‘हे काय आहे? बाकी सगळे आकडे कळतात. इथे तुम्ही काय खरडलंय?’

मी बघितलं. ४१–१०. मराठीत. श्रीचा चार, वर फाटलेला.

म्हटलं, घाईत झालं असेल. माझा आवाज मलाच खोटा वाटला. ती माझ्याकडेच बघत होती. मग म्हणाली, ‘डॅड अजून रोज बोलतात त्या शर्यतीबद्दल. त्यानंतर त्यांना चांगली गाडी कुणी दिली नाही. रडतो हरल्यावर, असं नाव झालं. मॉमसुद्धा शेवटी म्हणायची, पुरे आता. मला एवढंच हवंय की ते वेडे नव्हते का होते, कळावं.’

जाताना दोन्ही कार्डांच्या कॉप्या टेबलावर. माझं आणि जोअॅनचं. विसरली की मुद्दाम ठेवून गेली?

१९ मार्च

पुढच्या घरात ४१–३५ आहे. तेही श्रीचं अक्षर, पण इंग्रजी आकडे.

सकाळपासून हेच डोक्यात. घड्याळातले आकडे इंग्रजी होते. बघून लिहिणारा जे दिसतं ते उतरवतो. मग एक घर इंग्रजीत आणि एक मराठीत कसं? श्री मनात हिशेब मराठीतच करायचा, शेवटपर्यंत. घड्याळात न बघता, मधली वेळ काढून लिहिलेला आकडा मराठीत उतरेल.

किंवा माणूस बावचळला, सवयीनं हात गेला. तसंही होतं. बँकेचा फॉर्म तो मराठी आकड्यांत भरून यायचा.

आपल्याच नवऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी चाललीय माझी.

२१ मार्च, शनिवार

जोअॅनचं कार्ड दोन दिवस उघडलं नव्हतं. आज चष्मा पुसून बसले.

माझी स्वतःची शेवटची नोंद ४०–४४. मग श्रीच्या दोन. मग परत माझी, ४२–२५.

जोअॅनची: ४०–४७, ४१–३७, ४२–२७.

म्हणजे वॉल्टरला एकेका फेरीला पन्नास सेकंद लागत होते. एरवी सगळ्यांना पंचवीस. पन्नास लागतात ते पिवळा झेंडा असताना. कुठे अपघात झाला की पिवळा झेंडा दाखवतात, सगळ्या गाड्या एकामागे एक हळू चालवायच्या, कुणी पुढे जायचं नाही. रेची गाडी वॉल्टरच्या तीन सेकंद पुढे होती. दोघं एकाच रांगेत. एक पन्नास सेकंदांत फिरतो, तर दुसरा पंचविसांत कसा फिरेल?

श्रीचं मराठी घर काढून टाकलं की माझ्या कार्डावरही फेरी पडते एक्कावन्न सेकंदांची, पुढची पन्नासची. बरोबर जुळतं.

तीनदा ताडून पाहिलं. आकडे चुकत नाहीत.

त्या लोकांनी फक्त घरं मोजली. वेळा वाचल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं. मी तरी कुठे वाचल्या? पुढे शंभर फेऱ्या लिहीत होते, वरची दोन घरं डोळ्यांसमोर होती. वाचायच्या नव्हत्या म्हणून वाचल्या नाहीत.

२२ मार्च

नि. जेवायला आला होता. कार्डं दाखवली. इंजिनियर आहे, दोन मिनिटांत समजला. मला वाटलं होतं वाद घालेल.

‘इट कुड बी अ मिस्टेक. बाबांनी आयुष्यात कधी हे केलं नव्हतं, पिवळा झेंडा दिसला नसेल.’

म्हटलं, असेल.

‘मग तू हो का म्हणालीस?’

‘बाबा खाली बघत होते म्हणून.’

हे त्याला कळलं नाही. भांडी घासून ठेवली, कोट घातला, दारात म्हणाला, ‘तिला सांगणारेस?’

म्हटलं, माहीत नाही. तर म्हणाला, ‘बाबांच्या मागे त्यांच्याबद्दल असं काही बोलू नकोस. ही काण्ट आन्सर.’

२४ मार्च

कॅरोलचा एक मेसेज नाही, फोन नाही. सहा दिवस. घाई नसलेल्या माणसाची मला जास्त भीती वाटते. तिनं ती दोन कार्डं शेजारी ठेवून वाचलीच नसतील? लायब्ररियन बाई. मला वाटतं तिला सगळं माहीत आहे, माझ्या तोंडून हवं आहे.

असेना का. जे मी केलं ते तर माझं आहे. श्रीनं घर का भरलं ते मला माहीत नाही. पण विचारलं तेव्हा हो मी म्हटलं. त्याला श्री उत्तर द्यायला कशाला हवा?

२५ मार्च

कॅरोलला फोन केला. रविवारी येते म्हटलं, वॉल्टरलाच सांगेन. पलीकडून, ‘थँक यू.’ कशाबद्दल ते विचारलं नाही.

२९ मार्च, रविवार

नि.नंच नेलं. अडीच तास, रेडिओसुद्धा लावला नाही. आत आला नाही, लॉबीत बसला.

वॉल्टर खिडकीशी, खुर्चीत. हात अजून थोराड. कॅरोलनं सांगितलं, डॅड, अडतीस नंबरच्या लेडी आल्यात. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘साडी कुठंय?’

मी वाक्यं पाठ करून गेले होते. सगळी गेली. म्हटलं, ‘त्या दिवशी मी दोन मिनिटं जागेवर नव्हते. दोन घरं माझ्या नवऱ्यानं भरली. एक खोटं आहे. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तुम्ही जिंकला होतात.’

कॅरोलनं तोंडावर हात ठेवला. म्हणजे तिला माहीत नव्हतं. इतके दिवस मी उगाच—

वॉल्टर काही चमकला बिमकला नाही. म्हणाला, ‘ठाऊक आहे. तुझा नवरा सांगून गेला.’

मला वाटलं ऐकण्यात चूक. परत विचारलं.

‘माझ्या गॅरेजवर आला होता. बारीक, चष्मेवाला. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, एक फेरी जास्त लिहिली, मी लिहिली, बायकोचा दोष नाही. ट्रॅकवर येऊन सांगतो. मी म्हटलं, चालता हो.’

‘का?’

‘त्याला बाळ होणार होतं. तो म्हणाला तसं. परदेशातला पोरगा, कॉलेजनं हाकलला असता.’ मग खिडकीतून बघत, ‘शिवाय मला चिडायला बरं पडत होतं.’

कॅरोल मला बाहेर घेऊन आली. डोळे लाल. म्हणाली, ‘हे मी कधी ऐकलेलं नाही. पण मला सांगायला हवं. डॅड हल्ली गोष्टी जोडतात. मागच्या महिन्यात म्हणाले, मॉम सकाळी येऊन गेली. समोरच्याला काय हवंय ते त्यांना कळतं, आणि तेच सांगतात.’

लॉबीत नि. उठून उभा राहिला. कॅरोलशी हात मिळवला, बराच वेळ सोडला नाही.

३० मार्च

गाडीत नि.ला सगळं सांगितलं होतं. आज त्याचा फोन: ‘हे खरंच असणार. बाबा गेलेच असतील. आय नो हिम.’ कालपर्यंत चूक होती, आज कबुली झाली. त्याला हवं तसं त्यानं घेतलं. कप कॅरोलला पाठवतो म्हणाला. पाठव म्हटलं.

मला तसं घेता येत नाही. बाळ होणार हे वॉल्टरला कुठून कळलं? श्रीनं सांगितलं म्हणून. की तीन महिन्यांनी मी पोट घेऊन सगळ्या गावाला दिसत होते म्हणून? जोअॅननं सांगितलं असेल. चष्मा, बारीक अंगकाठी, हे तर त्यानं ट्रॅकवर दर आठवड्याला बघितलेलं.

आणि गेला असेल, तर. एका परक्या माणसाच्या दारात उभं राहून सांगता आलं, आणि मला नाही? पुढे अठ्ठेचाळीस वर्षं एका टेबलावर जेवलो. बायकोचा दोष नाही म्हणाला. म्हणजे दोषाचा विचार झाला होता. माझ्याबद्दल. माझ्याशिवाय.

३१ मार्च, मंगळवार

कॅरोलचा फोन. वडील विचारतायत, अडतीसवाली परत कधी येणार. रविवारपासून बरं जेवतात म्हणे. ‘तुम्हाला त्रास नसेल तर.’

पुढच्या रविवारी येते म्हटलं.

त्याला विषय काढून विचारायचं नाही, एवढं ठरवलंय. विचारलं की मला हवं ते सांगेल. गप्प बसायचं. आपणहून बोलला, आणि तेच बोलला, दार, चष्मा, चालता हो, तर खरं धरीन. निराळं बोलला तर काय धरायचं, ते अजून माझं मलाच कळलेलं नाही.