कोरी दिंडी

४ जानेवारी १९५१
औरंगाबादेत रुजू झालो! शाळेत चित्रकला शिकवायची. पैठण दरवाज्याजवळ मनकर्णाबाईंकडे झकास खोली मिळाली. बाई गरम भाकरीशिवाय जेवू देत नाहीत. पुढच्या शनिवारी, संक्रांतीच्या आत, मीनाक्षी गंगापूरहून बाळाला घेऊन आली की संसार लागला म्हणायचा. खोलीत बाईंच्या यजमानांनी काढलेलं जलरंगातलं चित्र आहे. पोलीस ॲक्शनच्या दिवसांतला, आतून दिसणारा शहराचा तट, वर वाळूची पोती, बंदुका घेऊन दूर बघणारे पाठमोरे पहारेकरी, खाली हाच पैठण दरवाजा, बंद. हात मोठा सफाईचा. फक्त दरवाज्यातली दिंडी, माणूस वाकून जाईल एवढं ते छोटं दार, कोरं सोडलंय.

७ जानेवारी
बाईंना विचारलं. यजमान तेव्हा तटाबाहेर गेले ते परतलेच नाहीत. आल्यावर दिंडी रंगवीन, असं सांगून गेले होते. मी पुरी करतो म्हटल्यावर बाईंचा चेहराच उतरला. "नका मास्तर. ती बंद झाली मंग ते येतील कुठून?" पण रिकामी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात. जित्याची खोड! बाई बाजारात गेल्या तेवढ्यात दिंडी तपकिरी केली, कडीसुद्धा घातली.

१० जानेवारी
बाईंनी पाहिलं. रागावल्या नाहीत, पदर तोंडाला लावून बसून राहिल्या. फार वाईट वाटलं. आणखी एक. पहारेकऱ्यांच्या माना आता खाली वळल्यात. तिकडे मी कुंचला लावलेला नाही.

१३ जानेवारी
मीनाक्षी आली नाही. टांगेवाला म्हणतो, तिला लेकरासंगं दरवाज्यापाशी उतरवलं, "आत शिरल्या की मालक, मह्या डोळ्यांदेखत." आत कुठेच नाही. सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. भीती वाटते.

१४ जानेवारी
चित्रातून दार ठोठावल्याचा आवाज येतोय. तिचीच हाक. बाळ रडतंय. पहारेकरी तटावरून वाकलेत, बंदुका सरळ खाली — ती उभी असेल तिथेच —
ओल्या बोळ्यानं दिंडी पुसतोय. रंग निघत नाही, नुसता पसरतोय. बाईही पुसतायत, रडतायत.

नंतर
ब्लेडनं खरवडलं. कागद विरला — फाटला. बाळाचा हात! ती त्याला आत ढकलतेय — धरलं, धरलं मी त्याला, बाईंकडे दिलं — आता तू, मीनाक्षी, वाक, डोकं खाली घाल, वर बघू नकोस, वर —