मिनिटाला सहा हाका

१८ जून
पोचले! बस पुलापाशी सोडून गेली. समोरचा कडा उन्हात असा झळकत होता की चाळिशीतली असून मी चक्क शीळ घातली. शाळेत पंधरा वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, मग मुख्याध्यापकाला भरसभेत भ्याड म्हटलं, आणि त्याचं बक्षीस म्हणून हा उन्हाळा पोद्ग्रीवा गावात, पाहुण्यांची गाईड. वाईट सौदा नाही. डोंगर निदान खोटं बोलत नाही.

खोली लाकडी, स्वच्छ. खाली तेरेझिया मावशीचं स्वयंपाकघर. ऐंशी उलटलेली, पाठीनं वाकलेली, जिभेनं सरळ. पहिल्या ताटलीबरोबरच विचारलं, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर म्हणाली, बरं झालं पोरी, भांडी कमी. झ्गांत्सी, म्हणजे कुट्टूच्या पिठाची घट्ट उकड, आणि वाडगाभर आंबट दूध. दोनदा मागून घेतलं.

संध्याकाळी पर्यटन कचेरीतल्या गोराझ्दनं उन्हाळी कार्यक्रमाचा कागद हातात दिला. झाडांना मिठ्या मारणे, मार्गदर्शकासह. शेळ्यांच्या सहवासात योगासनं. तारेला लटकून दरीपार घसरणे. बॅटरीच्या सायकलवरून चढण, म्हणजे घाम न गाळता केलेला डोंगराचा अपमान. आणि रोज दुपारी बाराला, वरच्या कुरणावर, विळे ठोकण्याचं पारंपरिक प्रात्यक्षिक. ज्या गावाला आपली परंपरा घड्याळ लावून दाखवावी लागते, त्या गावाची परंपरा मेलेली असते. हे मी गोराझ्दला ऐकवलं. तो हसून म्हणाला, वा बाई, हे पत्रकावर छापू का?

२० जून
पहिली सहल. व्हिएन्नाचा एक दंतवैद्य, त्याची बायको, आणि आठ डच, सगळे नव्या कोऱ्या बुटांत. दंतवैद्यानं विचारलं, गाईंच्या गळ्यातल्या घंटा संध्याकाळी बंद करता येतात का. येतात म्हटलं, गाय बंद केली की.

बाराला कुरणावर गावातली अकरा माणसं ओळीनं बसली. प्रत्येकापुढे जमिनीत रोवलेली छोटी ऐरण, तिच्यावर लांब दांड्याच्या विळ्याचं पातं, हातात हातोडी. गवत कापणारे अशी धार काढतात, लहानपणी मीही पाहिलंय. पण ती सकाळी, दंव असताना, हलक्या हातानं. इथे सगळे एकदम सुटले, ना ताल ना मेळ, नुसता दणदणाट, तोही अख्खा पाव तास. सगळ्यांच्या पाठी कड्याकडे. पाहुणे खूश, फोटोंवर फोटो.

गोराझ्दला म्हटलं, अशानं पाती फाटतील, हे काम आहे की नाटक? तो म्हणाला, बाई, तुम्ही झाडं सांभाळा, पाती आम्ही बघतो.

२६ जून
दंतवैद्याला कड्यावरचं पांढरं फूल बघायचं होतं, म्हणून आम्ही दोघं कुरणापलीकडच्या उंचवट्यामागे गेलो. बारा वाजले. हातोड्यांचा आवाज उंचवट्यानं अडवला. आणि मला हाक ऐकू आली.

बाईमाणसाचा आवाज. कड्याच्या मध्यावरून. मी घड्याळ काढलं. एका मिनिटात सहा हाका, दहा-दहा सेकंदांनी. मग मिनिटभर शांतता. मग पुन्हा सहा. आमच्याकडे गिर्यारोहण मंडळात पोराला बुटाची नाडी बांधायच्या आधी हे शिकवतात: मिनिटाला सहा म्हणजे संकटात आहे, वाचवा. उत्तर मिनिटाला तीन. आणि उत्तराचा अर्थ एकच, ऐकलं, येतोय.

दंतवैद्यालाही ऐकू आलं. त्यानं काय केलं? मोबाइल उंच धरून चित्रफीत काढली. मी तीन वेळा ओरडले. हाका तत्क्षणी थांबल्या.

बचाव पथकाला फोन केला. हेलिकॉप्टरनं कडा पिंजून काढला. कोणी नाही, कोणी बेपत्ताही नाही. दंतवैद्यानं चित्रफीत लावली. तिच्यात तीन हाका आहेत. फक्त माझ्या.

२७ जून
तेरेझिया मावशीला कळलं. तिनं एवढंच विचारलं, उत्तर दिलंस? दिलं म्हटल्यावर हातातला डाव तसाच खाली ठेवून बसली.

मग सांगितलं. ती अकरा वर्षांची होती तेव्हा परक्या खोऱ्यातून एक बाई गवत कापायला रोजावर आली. नाव किटी. एका दुपारी बाराला कड्यावरच्या गवताच्या पट्ट्यात कापताना घसरली आणि खाली कड्यातून पुढे आलेल्या अरुंद कंगोऱ्यावर अडकली. सहा-सहा हाका मारत राहिली. सगळ्या गावानं ऐकलं. पण गवत वाळलेलं, पाऊस डोक्यावर. आधी गवत आत घेऊ, मग जाऊ, असं ठरलं. आपली असती तर गेले असते गं, असं मावशी म्हणाली. हाका कानांवर येऊ नयेत म्हणून कोणीतरी विळा ठोकायला घेतला, मग सगळ्यांनीच. संध्याकाळी हाका थांबल्या, पाऊस आला आणि कोणी गेलंच नाही. तेव्हापासून गवताच्या दिवसांत रोज बाराला ती हाका मारते आणि हे ठोकतात. उत्तर कोणीच दिलेलं नाही. उत्तर म्हणजे शब्द, पोरी, आणि तू तो देऊन बसलीस.

मी विचारलं, तू काय करत होतीस? म्हणाली, गवत उलटत होते.

२९ जून
आज गुत्त्यात सगळ्यांना उभं-आडवं घेतलं. टेबलावर मूठ आपटून सांगितलं, तुम्ही भुताला भीत नाही, तुम्ही साक्षीदाराला भिता. एक बाई तुम्ही गवताच्या भाऱ्यापेक्षा स्वस्त धरलीत, आणि आता त्या पापाचं तिकिटाशिवायचं प्रदर्शन मांडून पाहुण्यांच्या टाळ्या घेता! पूर्वजांचा भ्याडपणा वारशात मिळाला म्हणून तो काही दागिना होत नाही. ज्याला हाक ऐकू येते आणि जो उत्तर देत नाही, त्याच्यात आणि दगडात फरक एवढाच की दगडाला लाज वाटायचं कारण नसतं.

 एक म्हातारा पेल्यात बघत म्हणाला, शाळेतली दिसतेय. गोराझ्द बाहेर सोडायला आला. बाई, भाषण झकास, पण उद्या तारेवर बारा जण आहेत, वेळेवर या.

मी शपथ घेतली आहे. जेव्हा हाक येईल तेव्हा उत्तर देईन. रोज.

२ जुलै
खालच्या जंगलात होतो. सात प्रौढ माणसं डोळे मिटून झाडांना कवटाळून उभी. बाराला हाका आल्या. कड्यावरून नाही. झाडांतून, फार तर दोनशे पावलांवरून. मी तीन ओरडले. एक बाई डोळे उघडून म्हणाली, हे कार्यक्रमात आहे का, फार छान वाटलं.

तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

५ जुलै
चर्चच्या मागून. सहा. आवाज घोगरा झालाय, घसा फाटल्यासारखा. तीन दिले. माझाही घसा बसलाय.

दर उत्तरासरशी जवळ येते. ती वाट बघतेय असं मी समजत होते. ती मला न्यायला —

भलतंच. शिकलेली बाई आहे मी.

७ जुलै
खिडकीखाली. भर दुपारी, ऊन, दोरीवर माझ्याच चादरी. चादरींच्या पलीकडून सहा.

उत्तर दिलं नाही. तोंडच उघडलं नाही.

खाली मावशी पातेलं ठोकायला लागली. माझ्यासाठी. आणि मला बरं वाटलं. किती बरं वाटलं!

मी त्यांच्यातलीच झाले.

८ जुलै
नाही. शब्द दिलाय तो पाळायचा. कंगोऱ्यावर उतरून जे उरलं असेल ते पोत्यात भरून आणायचं, मातीत पुरायचं. सत्तर वर्षांत कोणाला एवढं सुचू नये! मावशी दारात आडवी उभी राहिली. जाऊ नकोस, तिला हाडं पुरून घ्यायची नाहीयेत, तिला तिथे कोणीतरी यायला हवंय. मी तिला बाजूला सारलं. अंगात वजनच नाही तिच्या.

९ जुलै, दुपार
कंगोऱ्यावर आहे. वही पिशवीत होती.

हाडं नाहीत. गवत आहे. ताजं कापलेलं, वाळवलेलं, नीट पसरलेलं. एका माणसाच्या मापाचं.

दोर वरच्या खडकाला बांधला होता. सरसरत आला आणि मांडीवर पडला. गाठ घट्ट आहे. खडकाभोवतीची गाठ, सुटलेली नाही. दचकून उठताना पाय घसरला. घोट्यात मोडलाय. मोबाइलला इथे रेंज नाही.

कुरण स्वच्छ दिसतंय. तीन वाजलेत. पाहुण्यांची लाल-पिवळी जाकिटं. ओरडते. सहा.

त्यांना ऐकू गेलं. गोराझ्दनं वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. हात हलवला मी —

पुन्हा सहा.

मावशी वर आलीय. या वयात, काठी टेकत. माझ्यासाठीच आली असणार. कपाळावर हात धरून बघतेय. सांगेल ती. अकराची होती तेव्हा नाही, पण आता —

बसली. ऐरणीपाशी. गावातले सगळेच बसले. तीन वाजून गेल्यावर, वेळ नसताना.

ठोकतायत.

पाहुणे टाळ्या वाजवतायत.

पुन्हा सहा. आवाज फुटत नाही आता, घोगरा —

उत्तर आलं.

एक. वीस सेकंद. दोन. वीस सेकंद. तीन. ऐकलं, येतेय. खालून नाही. मागून. मागे नुसता कडा आहे.

माझ्याजवळ खडकात खिळे मारायची हातोडी आहे. दगडावर ठोकतेय. जोरात ठोकलं की ऐकू येत नाही. लिहायला थांबले की येतं. गवत दबतंय बाजूला. लिहिणं बंद क