भिंतीवरचा कागद

ती. आईस,

तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझ्या वर्गात नाना देशांची मुलं आहेत. मागच्या महिन्यात मी त्यांना म्हटलं, "घरी पाण्याला काय म्हणता, ते लिहून भिंतीवर लावा." एक मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती. तिने आपला शब्द लिहिला, वर मोठ्याने वाचूनही दाखवला. मला भरून आलं गं.

मग काही पालकांची तक्रार गेली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पुस्तकात आहे तेवढंच शिकवा. घरचं घरी राहू दे." मी वाद घातला नाही. नोकरीच्या भीतीने त्यांनी पुढे केलेल्या लेखी सूचनेवर मुकाट्याने सही केली.

काल वर्गात सांगितलं, कागद काढायचे आहेत. सगळ्यांच्या आधी तीच उठली. आपला कागद तिने काढला, घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "चुकलं माझं, बाई."

आई, "तुझं काही चुकलं नाही," एवढंच मला तिला म्हणायचं होतं. पण मी हजेरी घ्यायला लागले.

बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी