आदिमानवाच्या दगडाचा पत्ता

३ फेब्रुवारी. पोंभुर्णा.
पीएच.डी.ची मुदत २९ला संपते. सहा वर्षं झाली, आता एक्स्टेन्शन नाही. डिग्री नाही तर कॉलेजातली नोकरीही नाही. पण काळजी कसली? आदिमानवाची हत्यारं नाल्याकाठी सापडलीच आहेत. त्यांचा लाल दगड कुठल्या डोंगरातला, एवढंच सिद्ध करायचं. माझ्या मते आलापल्लीकडचा. तो माणूस दगडासाठी साठ-सत्तर किलोमीटर चालायचा. आपल्यासारखा आळशी नव्हता. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

४ फेब्रुवारी. स. ९:४०
उठलो.

९ फेब्रुवारी. आलापल्ली.
मिळाला! हुबेहूब तोच दगड. जरा भुरकट दिसतो, पण ते उन्हामुळे. सोबतचा वनमजूर इतवारी म्हणतो, साहेब, हा तं येगळाच दिसून राह्यला. त्याला सांगितलं, डोळ्यांवर नाही, लॅबवर विश्वास ठेवावा.

१२ फेब्रुवारी.
पिशवी नाल्यात पडली. लेबलं धुऊन गेली. लॅबसाठी फोडलेल्या हत्याराचे तुकडे आणि डोंगरातले दगड एकमेकांत मिसळले. तरी हरकत नाही, मला दगड नजरेने ओळखू येतात. एक हत्याराचा, एक डोंगरातला, असे दोन निवडले. इतवारी म्हणे, डोंगरातला भुरका व्हता जी, हे दोनी लाल हायत. अरे, ओला दगड लालच दिसतो! पार्सल केलं.

२४ फेब्रुवारी.
रिपोर्ट आला, नमुनेही परत आले. शंभर टक्के मॅच! लॅबवाले म्हणाले, असा मॅच कधी पाहिला नाही, पुन्हा तपासू का? नको म्हणालो. बायकोला, दिव्यानीला फोन केला. सहा वर्षं तिने एकटीने घर ओढलं. ती रडली. मीही.

२७ फेब्रुवारी. स. ७
आज कमिटीपुढे. शर्टाची बटणं दोनदा चुकली. चहा जास्त झाला असणार.

दु. २
प्रेझेंटेशन उत्तम झालं. शेवटी परीक्षक रंजीता मॅडमनी दोन्ही नमुने मागितले. एकाची कड दुसऱ्याला लावली. टक्. फटसुद्धा दिसेना. हळूच म्हणाल्या, हे एकाच हत्याराचे दोन तुकडे आहेत, आणि फोडलंय अलीकडेच. माझे गाईड वामनराव सर खिडकीबाहेर बघत राहिले. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

सायं. ५:१०. बसस्टँड.
दिव्यानीचा तिसरा फोन. उचलला. विचारत होती, जुळलं का जी? म्हणालो, तंतोतंत. मग म्हणाली, लवकर या, शेजारच्यांना बोलावून राह्यली.
घरी, चंद्रपूरला जाणाऱ्या तीन गाड्या सोडल्या.