कुणी न पाहिलेला फटका

प्रिय क्षितिजा,

शुक्रवारी सकाळी मी ओट्यावर बसून राजेळी केळी सोलत होते. सुकेळी वाळत घालायची होती आणि ऊन बरं पडलं होतं. त्याआधी बावखलातलं पाणी उपसायला पंप लावला, पानवेलीला पाणी सोडलं, तगरीच्या कळ्या खुडून टोपली फाटकाशी ठेवली, विपुलला डबा दिला. रोजचंच सगळं. वेगळं एवढंच, की मी सारखी हात पुसून मोबाइल बघत होते. तुझी शेवटची फेरी साडेआठला सुरू झाली होती आणि तू दोन फटक्यांनी पुढे होतीस. शिवाय बुधवारी तू विपुलला कळवलेलं मला माहीत होतं. हंगाम संपला की खेळ सोडून घरी येते, मीरा मला विसरली आहे. त्याने ते वाचून दाखवलं तेव्हा मी कणीक मळत होते. मळत राहिले.

शेजारची मार्गारेट तिची सुरी घेऊन मदतीला आली होती. तिला तुझ्या खेळाची गंमत वाटते. "अगं सुभद्रा, एवढं हिरवंगार गवत आणि चरायला एक म्हैस नाही," म्हणाली. मग म्हणाली, "तुझी सून नुसती वाकून बघते तेवढ्यात माझी एक फणी सोलून होते." पण तू बॉलसमोर उभी राहिलीस की तीच आवाज खाली आणायची, जणू तुला बंगळुरूत ऐकू जाणार होतं. मीरा आमच्या मधे बसून साली गोळा करत होती. तू दिसलीस की पडद्यावर चिकट बोट ठेवायची.

हे असते तर काम सोडून बघत बसले असते. लग्न ठरलं तेव्हा नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली होती, गोल्फ खेळणारी सून वाडीत कशी राहणार म्हणून. तुझे बाबा मुंबईच्या क्लबात गवत राखतात हे कळल्यावर हे म्हणाले, बारा महिने गवताशी झगडणाऱ्या माणसाची मुलगी आहे, आपल्यापेक्षा चांगली रुळेल. मग केळीच्या दोन ओळींमधली जमीन चोपून सपाट केली आणि नारळाची करवंटी पुरून तुला सराव करायला जागा करून दिली. मीरा दीड वर्षाची झाल्यावर तू परत खेळायला निघालीस तेव्हा तुझं रडू आवरत नव्हतं. यांनीच तुझी बॅग उचलून रिक्षात ठेवली. त्याच श्रावणात हे गेले. दोन वर्षं झाली.

मी सातवी शिकलेली. वाचते ते वाचनालयाच्या जिवावर. तुझ्यामुळे गोल्फबद्दल मिळेल ते वाचायला लागले. विजेत्यांच्या मुलाखती वाचल्या. पुरुष जिंकला की बायको मूल कडेवर घेऊन मैदानात धावत येते, त्याचा फोटो छापतात. त्याला कुणी विचारत नाही, मूल इतके दिवस कुठे होतं. तू गेल्या वर्षी कोलकात्याला जिंकलीस तेव्हा वार्ताहराचा पहिला प्रश्न तोच होता, मुलीला कोण सांभाळतं. तू म्हणालीस, सासूबाई आहेत म्हणून मी खेळू शकते. ते कात्रण मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. नायगावपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना दाखवून झालं. गेले काही महिने मात्र ते कपाट मी उघडते आणि दुसरीकडे बघत साडी काढते.

तुझं नियमांचं पुस्तकही शब्दकोश घेऊन वाचलं. रोज एक नियम. म्हणून सोळाव्या होलला काय झालं ते मला कळलं, मार्गारेटला नाही. तुझा बॉल झाडांखाली गेला होता. तू वाकून शेजारचं वाळकं पान उचललंस. कॅमेरा लांब होता, आम्हाला तुझी पाठ दिसत होती. तू सरळ झालीस, हात वर केलास आणि पंचांना बोलावलंस. तू काय सांगत असशील ते मी ओळखलं: पान काढताना बॉल हलला, एक फटका माझ्या नावावर धरा. बॉल होता तिथे परत ठेवलास आणि खेळलीस. शेवटी हरलीस तीही एकाच फटक्याने.

मी समजावून सांगितलं तेव्हा मार्गारेटने सुरी खाली ठेवली. "बघितलं कोणी?" मी म्हटलं, कुणीच नाही. "मग सांगितलं कशाला? वेडी आहे का?" मग म्हणाली, "फादरपुढे पापं कबूल करायला, कुमसाराला जायचं तर मी महिनाभर टाळते. हिने उभ्या उभ्या सांगून टाकलं." नंतर उरलेली केळी तिने एकटीने सोलली.

दुपारी मी मांडवावर वाळत घातलेली केळी परतत होते. मीरा पायरीवर बाहुली घेऊन बसली होती. तिने साबणाची रिकामी डबी कानाला लावली आणि म्हणाली, "मीरा झोपली गं. उद्या कर हं." डबी पालथी ठेवली आणि खेळायला लागली. आवाज माझा, तो गं माझा, पालथी ठेवायची पद्धतही माझी.

क्षितिजा, मीरा रात्री नऊशिवाय झोपत नाही. तू सातला फोन करतेस तेव्हा ती टक्क जागी असते.

हे कसं सुरू झालं ते सांगते. सबब म्हणून नाही. संध्याकाळी सातला हे वाडीतून यायचे, नळावर पाय धुवायचे आणि चहा मागायचे. हे गेल्यावर ती वेळ मला खायला उठायची. मग मीरा मांडीवर येऊन बसायला लागली. तेवढ्यात तुझा फोन यायचा, ती तो घेऊन अंगणात पळायची, खिदळायची, आणि फोन ठेवला की अर्धा तास तुझ्यासाठी रडायची. एक दिवस वाटलं, आज नको रडायला, म्हणून म्हटलं झोपली. त्या दिवशी ती रडली नाही. सबंध संध्याकाळ माझ्या मांडीवर होती. पहिल्यांदा ते तिच्यासाठी केलं होतं, दुसऱ्यांदा माझ्यासाठी. पुढे आठवड्यातून चार-चार दिवस. फोन वाजायला लागला की ती आधी धावत यायची. मग नुसती बघायची. मग तेही थांबलं.

गणपतीत तू दोन दिवस आलीस तेव्हा ती माझ्या पदराआड लपली. तुझ्याकडे येईना. तू हसलीस, म्हणालीस, "राहू दे आई, होईल सवय," आणि मागच्या दारी जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिलीस. मी खिडकीतून पाहत होते. तुला चहा नेऊन दिला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

आणखी एक आहे. मे महिन्यात तू विचारलं होतंस, कोचच्या घराजवळ बालवाडी आहे, स्पर्धा असेल तेव्हा बाबा येऊन राहतील, मीराला बंगळुरूला नेऊ का. मी म्हटलं, इथल्या बालवाडीत तिचं नाव घालून झालं. घातलं नव्हतं. तुझा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन घातलं. विपुललाही सांगितलं की इथल्या बालवाडीला तूच हो म्हणालीस.

शुक्रवारी संध्याकाळी विपुल कामावरून आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला. नंतर एवढंच म्हणाला, "आई, तू?" मग विचारलं, "तिला तू सांगतेस की मी सांगू?" मी म्हटलं, मीच. माझ्याशी तो अजून नीट बोललेला नाही. तूही बोलली नाहीस तरी मी समजेन.

फोनवर मला हे जमलं नसतं, तू मधेच "जाऊ द्या आई" म्हणाली असतीस आणि मी जाऊ दिलं असतं. म्हणून लिहिते आहे. तू खेळावंस की सोडावंस यात मी पडणार नाही. घरी यावंसं वाटलं तर ये, घर तुझं आहे. पण मीरा मला विसरली असं समजून सोडत असशील, तर ते खरं नाही. ती विसरली नव्हती, मी तिला विसरायला लावत होते. ते तुझ्या खेळामुळे झालं नाही, तू वाईट आई आहेस म्हणूनही नाही. हे तू ठरवायच्या आधी तुझ्या हातात पडायला हवं होतं. विपुल रजा काढतो आहे. तू बोलावशील तेव्हा तो मीराला तुझ्याकडे घेऊन येईल. मी बरोबर येणार नाही. काल, शनिवारी, बालवाडी उघडताच मी गेले आणि मीराचं नाव काढून आले.

तुझीच,
सुभद्रा