पहिला आलेला कप

१२ मार्च

तीर्थरूप बाबांना नमस्कार. साष्टांगच समजा, कागदावर आडवं पडायला जागा नाही.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुमच्या जावयांनी मोरीतला गळका नळ स्वतः दुरुस्त केला, तेव्हापासून शेजारचाही गळतो आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आत्याने दिलेलं तेल लावता की नुसतं लावलं म्हणून सांगता?

तुमचं पत्र मिळालं. म्हणजे आत्याचं मिळालं, तुम्ही खाली नुसती सही केली होती. तेवढ्यावरून ओळखलं की रागावला आहात. आत्या लिहिते, मी ज्या मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथात जाते आहे ते लोक चार-चार बायका करतात, सोन्याच्या पुस्तकाची पूजा करतात आणि एकदा आत गेलेलं माणूस हाताला लागत नाही. ही माहिती तिला तिच्या शिंपिणीने दिली. शिंपिणीला कुणी दिली ते देव जाणे.

बायकांचं मी पहिल्याच भेटीत तोंडावर विचारलं होतं. छातीवर नावाची पट्टी लावून दारोदार धर्मप्रचार करत फिरणाऱ्या त्यांच्या दोन मुली दारात उभ्या होत्या, दोघी कानापर्यंत लाल झाल्या. पण लपवलं नाही. पूर्वी होतं, बंद होऊन शंभरावर वर्षं झाली, आता कुणी केलं तर हाकलून देतात, असं सरळ सांगितलं. सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला ग्रंथ देवदूताने दाखवला, हे मात्र अजून माझ्या घशाखाली पुरतं उतरलेलं नाही. तेही मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

बाबा, चहा चाखायच्या टेबलाशी मला पहिल्यांदा उभं केलंत तेव्हा काय शिकवलंत? कपाखालची चिठ्ठी उलटी ठेवायची. मळ्याचं नाव आधी वाचलं की जीभ खोटं बोलते. मी तेच केलं. दर रविवारी जाऊन मागच्या बाकावर बसले, त्यांची गाणी ऐकली (बेसूर गातात), आणि मग मत बनवलं. शिंपीणबाई एकदा तरी जाऊन बसल्या होत्या का?

आता चहाचं. तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणूनच पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. हे लोक चहा पीत नाहीत. कॉफी, दारू, तंबाखूही नाही, पण त्यांच्याशी आपलं काय देणंघेणं! बाप्तिस्म्याआधी एक मुलाखत असते. माझी ज्यांनी घेतली ते गृहस्थ एरवी बस चालवतात. त्यांनी विचारलं, "चहा सोडाल ना?"

मी म्हटलं, "मी पीत नाही हो, चाखते आणि थुंकते. पोटापाण्याचा धंदाच आहे माझा."

ते खो खो हसले. म्हणाले, "असा प्रश्न माझ्यापुढे कधी आला नाही. तुमचं तुम्हीच ठरवा. प्रामाणिकपणे ठरवलंत म्हणजे झालं."

पळवाट चांगली दारासारखी उघडी होती. पण मला आपला तो कप आठवला. सगळे कप चाखून, थुंकून झाले की जो पहिला यायचा तो आपण दोघं अर्धा-अर्धा पीत असू. तुम्ही निवृत्त झालात तरी मी माझा अर्धाच प्यायचे आणि तुमचा अर्धा तसाच ठेवायचे. सफाईवाली मला वेडी समजते. तो कप मला थुंकता येणार नाही, आणि पिऊन वर नाही म्हणता येणार नाही. म्हणून, बाबा, मी टेबल सोडलं. सोमवारपासून गोदामात पेट्यांवर देखरेख करते. टेबल साहेबांच्या भाच्याला मिळालं. तो अत्तर लावून येतो. आता रागवा, मी ऐकून घेईन.

एवढं काय आहे तिथे, असं विचाराल. मागच्या बाकावर माझ्या शेजारी एक बेकरीवाली बसते. तिने एकदा सहज विचारलं, "मुलंबाळं?" मी नेहमीसारखं नाही म्हणणार होते. तोंडातून गेलं, "एक मुलगी होती. आठवडाभर." ती "दुसरं होईल" म्हणाली नाही. म्हणाली, "नाव काय हो तिचं?"

आपण तिचं नाव ठेवलं होतं, बाबा. नंतर घरात कुणीच ते घेतलं नाही. ती गेली त्याच दुपारी तुम्ही पाळणा माळ्यावर टाकलात. माझ्याच काळजीने टाकलात, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला तो डोळ्यांसमोर हवा होता.

हे लोक मानतात की इतकं लहान लेकरू गेलं तर त्याला बाप्तिस्माही लागत नाही, ते आहे तसं देवाजवळ सुखरूप असतं. आणि त्यांच्या मंदिरात आईबाप आणि मूल एकमेकांशी कायमचे जोडले जातात, मरणानंतरसुद्धा. खरं आहे का? मला ठाऊक नाही. दुखरी बाई बघून गळाला लावली, असं तुमचे जावई म्हणाले. तुम्हीही म्हणाल. असेलही. पण तिचं नाव मोठ्याने घ्यायला मला दुसरीकडे कुठे जागाच मिळाली नाही, आणि आता मिळाली आहे ती मी सोडणार नाही. जावई अजून तयार नाहीत. बाप्तिस्म्याचे माझे पांढरे कपडे मात्र त्यांनीच इस्त्री करून ठेवलेत.

शनिवारी सकाळी बाप्तिस्मा आहे. अख्खं पाण्याखाली जावं लागतं, वेणीचं टोक जरी वर राहिलं तरी पुन्हा बुडवतात. माझे केस तुम्हाला माहीत आहेत, तेव्हा करमणूक होईल. मी परवानगी मागत नाही. या, एवढंच म्हणते. आत्यालाही आणा, तिला बायका मोजता येतील.

तिथे चहा मिळणार नाही. पण माझ्या टेबलावर शेवटच्या दिवशी जो पहिला आला, तो मी तुमच्यासाठी पुडीत बांधून आणला आहे. नंतर घरी चला, मी करून देईन. आता अख्खा कप तुमचाच.

आणि येताना माळ्यावरून पाळणा काढून आणा.

तुमची लेक,
आणि माझ्या लेकीची आई