हिरवा झालेला प्रोग्रॅम

सोमवार, ९ जून. सकाळी

...सॉफ्टवेअरला जोडायचा तो रंगांचा अ‍ॅड-ऑन तिसऱ्यांदा डाउनलोड केला. आधीचे दोन्ही चुकीच्या फोल्डरमध्ये पडले. या फोल्डरांना नावं देणारा माणूस मठ्ठ असावा. (नावं मीच दिली आहेत, पण ती घाईत.)

दुपारी

बसला. आता आमच्या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये आज्ञा निळ्या दिसतात, आकडे केशरी. ऑफिसात बाकी सगळे अजून काळ्या अक्षरांत चाचपडताहेत. सोबत सूचनांचं पान होतं. वाचलं नाही. रंग मी बालवाडीतच शिकलो.

विभागप्रमुख निवृत्त होताहेत. त्यांची खुर्ची मला मिळेल किंवा मुंगीला. मुंगी म्हणजे शेजारच्या टेबलावरची बाई. दिवसभर मान खाली घालून चालूच असते, म्हणून हे नाव मी ठेवलं. टेकडीवरच्या वस्तीला पाणी चढवायचं आहे. पाइपात दाब किती लागेल, हे वरचे साहेब गुरुवारी माझ्याकडून पाहणार. मग ठरवणार.

संकल्प: मुंगीशी वाद घालायचा नाही. जिंकल्यावर सहानुभूती दाखवायची.

मंगळवार, १० जून

अ‍ॅड-ऑन उद्धट आहे. माझ्या तीन ओळी लाल केल्या. मुंगी डोकावून म्हणाली, अहो, एकच नाव दोन गोष्टींना दिलंय तुम्ही, म्हणून लाल येतंय. मी म्हणालो, घरात दोघांचं आडनाव एक असलं तर पोलीस येतात का? ती पाणी प्यायला गेली.

परत येऊन तिने हिरव्याबद्दलही शिकवलंच. हिरवं म्हणजे नुसती टीप, माणसांसाठी लिहिलेली. मशीन ती वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. मी विचारलं, वाचत नाही तर रंगवतं कशाला? बिचारी. हिरवं म्हणजे मंजूर. एवढं तर चौकातल्या रिक्षावाल्यालाही कळतं.

घरी हिला पडद्याचा फोटो दाखवला. म्हणाली, भिंत रंगवली म्हणून ओल जात नाही हो. हिचे वडील रंगाचं दुकान चालवायचे, तरी ही दृष्टी.

बुधवार, ११ जून. सकाळी

प्रोग्रॅम चालवला. उत्तर यायला नेहमीसारखा अर्धा तास. लाल ओळी तशाच. साहेबांसमोर लाल दिसणं बरं नाही.

दुपारी

आज नोंदवावं असं घडलं. प्रोग्रॅमच्या माथ्यावर एक छोटी टीप लिहायला घेतली, की ही रचना कोणाची, किती वर्षांच्या अनुभवातून आली वगैरे. टिपेचं चिन्ह टाकलं, पहिला शब्द लिहिला, आणि खालचं सगळं हिरवं झालं. सगळं! लालाचा ठिपकाही उरला नाही. तळाशी मुंगीची एक जुनी टीप आहे, तिच्यापर्यंत हिरवंगार. शेवटची ‘उत्तर दाखव’ ही ओळ तेवढी निळी.

मशीनला माणूस कळतो.

संध्याकाळी

पुन्हा चालवला. उत्तर क्षणात! अर्धा तास गेला कुठे? तोच आकडा, काडीचा फरक नाही. मुंगी अजून नकाशावर पाइपांची टोकं जुळवत बसली होती. म्हणाली, इतक्या लवकर? एकदा बघू का? नको म्हणालो. ही माणसं दुसऱ्याचं चांगलं बघूच शकत नाहीत.

कॉम्प्युटर बंद केला नाही. रंग उडाले तर?

गुरुवार, १२ जून

सादरीकरण झालं. वेग पाहून साहेब चकित. म्हणाले, वा. मग म्हणाले, टेकडी दुप्पट उंच धरा बरं. धरली. उत्तर तेच. मी सांगितलं, याला स्थैर्य म्हणतात.

साहेब म्हणाले, आता टेकडी काढूनच टाका. काढली. दाब तेवढाच.

साहेब म्हणाले, अहो, सपाट जमिनीवर एवढा दाब कशाला? लोकांचे नळ उडवायचेत का? सगळे हसले. मी म्हणालो, प्रोग्रॅम ठाम आहे, परिस्थितीपुढे वाकत नाही. आणखी हसले.

मुंगी उठली. पडद्यावर बोट ठेवून हळूच म्हणाली, साहेब, वर टीप सुरू केलीय, ती बंदच केली नाही. त्यामुळे खाली माझ्या टिपेशी बंदचं चिन्ह येतं, तिथपर्यंत सगळा प्रोग्रॅमच टीप झालाय. मशीन काही मोजत नाहीये, कालचं उत्तर लक्षात आहे तेच दाखवतंय.

साहेबांनी विचारलं, म्हणजे यात चालू काय आहे? ती म्हणाली, एक ओळ.

साहेबांनी टीप मोठ्याने वाचली. तिथे फक्त ‘मी’ एवढंच होतं.

चूक उघडच अ‍ॅड-ऑनची. उद्या साहेबांना एकटं गाठून समजावीन. समजूतदार आहेत. निर्णय घाईत घेणार नाहीत.

शुक्रवार, १३ जून

सकाळी सुतार प्रमुखांच्या दारावर मुंगीची पाटी लावत होता. स्टूल डगमगत होतं. मला म्हणाला, काका, जरा धरता का? धरलं.